जवळून देखणा, लांबून उघडा

कॅमोफ्लाज, म्हणजे परिसरात मिसळून लपवणाऱ्या कापडाच्या मैदानी चाचणीत निरीक्षकाला एवढंच सांगायचं असतं: समोर कुठेतरी माणूस आहे, दिसला की थांबा. मग फीत लावून अंतर मोजायचं. माणसाची जागा आणि कापडांचा क्रम दर फेरीला बदलावाच लागतो, नाहीतर निरीक्षक आधीच्या फेरीची जागाच शोधत बसतो.

त्या दिवशी तीन गणवेश होते: एक बारीक चौकोनी ठिपक्यांचा, एक मोठ्या डागांचा आणि एक दोन्हींचा मेळ असलेला. टेबलावर ठिपक्यांचाच सगळ्यांना आवडला होता. झुडपांच्या सावलीत मात्र सर्वांत लांबून तोच हेरला गेला.

कारण साधं आहे. चांगल्या नजरेला १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. अर्ध्या सेंटिमीटरचे ठिपके १५-२० मीटरपलीकडेच एकमेकांत विरघळू लागतात. उरतो तो त्यांचा सरासरी रंग, आणि तो सावलीहून फिकट असेल तर माणसाच्या आकाराचा एकसंध ठिगळ दिसतो. अमेरिकी लष्कराने २००४ मध्ये आणलेल्या यूसीपी (युनिव्हर्सल कॅमोफ्लाज पॅटर्न) या छाप्याचंही हेच दुखणं होतं. रंग फिके, एकमेकांच्या फार जवळचे, गडद छटा नाहीच. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या सैनिकांना मल्टिकॅम हा दुसरा छापा द्यावा लागला. लांबून खांद्याची आणि धडाची रेघ मोडतात ते हाताएवढे गडद-फिके डाग. बारीक ठिपक्यांचं काम त्या डागांच्या कडा जवळून मऊ करण्याचं. माझ्या मते रंगछटेआधी उजळपणा जुळवावा. हिरवा थोडा चुकला तर खपतं, उजळपणा चुकला तर नाही.

खरा धक्का अंधार पडल्यावर बसला. नाइट व्हिजनमधून, म्हणजे अंधारात पाहायच्या दुर्बिणीतून पानं उजळ दिसतात, कारण हिरवं पान ७०० नॅनोमीटरपुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश जोरात परतवतं. मेळ असलेल्या छाप्याचं कापड पानांत छान मिसळलं होतं. पण त्यावर दोन काळ्याकुट्ट सरळ रेघा उभ्या होत्या! पाठपिशवीचे पट्टे. दिवसा ते गडद हिरवे, कापडाला शोभणारे. पण त्यांच्या रंगात काजळीचं प्रमाण जास्त, त्यामुळे अवरक्त प्रकाश ते गिळून टाकत होते. निसर्गात इतकी सरळ रेघ नसते, नजर तिथेच जाते.

तिथेच एक धुतलेला सदराही पाहिला. त्याच थानातला, पण चकाकी आणणाऱ्या पावडरीने धुतलेला. अतिनील टॉर्चखाली तो निळसर पेटला. अशा पावडरीतली शुभ्रकं, म्हणजे कापड उजळ दाखवणारी रसायनं, दिवसाच्या प्रकाशातलं अतिनील घेऊन निळा उजेड बाहेर टाकतात, म्हणून सावलीत कापड धुरकट-फिकं वाटतं. खळ आणि कडक इस्त्रीने पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चमकतो, ते वेगळंच.

आता मंजुरीआधी कापडाबरोबर पट्टे, चेनची फीत, बटणं आणि शिवणीचा दोराही परावर्तन मोजायला जातात. कोऱ्या नमुन्याची मोजणी धरत नाही; आधी धुलाईच्या फेऱ्या, मग यंत्र.