तुम्ही विचारलंत म्हणून: हा जुना प्रोसेसर मी अजून थंड का करत बसतो

"अजून तेच मशीन? नवीन घे की आता." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, घरी पाहुणे आले की, सगळीकडे हेच. तर एकदाच नीट सांगतो.

माझा प्रोसेसर इंटेलचा ३७७०के, २०१२ सालचा. टर्बोला, म्हणजे गरज पडली की आपोआप वाढणाऱ्या वेगाला, ३.९ गिगाहर्ट्झ जातो, मी ४.५ वर चालवतो. वेग पंधरा टक्क्यांनीच वाढतो, मान्य. पण त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१ चं १.२५ व्होल्ट केलं की वेगासकट हिशेब दीडपटीवर जातो. त्यात आपला मे महिना. प्रोसेसरवर कूलर केवढाही लावा, पंखा खोलीतलीच गरम हवा ओढणार. एसी लावायला सांगणाऱ्यांनी बिलही भरावं. आणि पेल्टिअर, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती, लावला तर पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत त्याच्या थंड भागावर पाणी धरतं, ते थेट बोर्डावर.

खरी अडचण झाकणाखाली होती. इंटेलच्या आधीच्या पिढीत, २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये, चिप आणि वरचं धातूचं झाकण सोल्डर केलेलं असायचं. माझ्यात मधे नुसती पेस्ट, सोल्डरपेक्षा उष्णता कमी नेणारी, आणि कडेच्या काळ्या गोंदामुळे झाकण किंचित उचललेलं. चिपही लहान, १६० चौरस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कूलर हाताला कोमट आणि आत नव्वदच्या वर अंश. हे समजलं तेव्हा फार राग आला.

झाकण काढायचं ठरवलं आणि उद्यमनगरात ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे लेथ, ड्रिल आणि एक जुना जड व्हाइस. रुमालात गुंडाळलेला प्रोसेसर बघून त्यांनी विचारलं, "कितीचं हाय हे?" आकडा ऐकून हात पुसले, व्हाइसचे जबडे फडक्याने साफ केले. एका जबड्याला झाकणाची कड टेकली, समोरच्याला चिप जिच्यावर बसवलेली असते त्या हिरव्या पट्टीची. मी दांडा धरला, ते डोळ्याच्या रेषेत वाकून बघत होते. "सावकाश. अजून. थांब." बाहेर टेम्पो हॉर्न देत होता, शेजारी ग्राइंडर चालू. मी पाव आटा फिरवायचो आणि थांबायचो. हिरवी पट्टी वाकतेय असं वाटलं तेव्हा सोडून द्यावंसं वाटलं. मिस्त्री म्हणाले, "वाकत नाही, गोंद सुटतोय. फिरव." टक असा आवाज आला आणि झाकण सरकलं. आत चिप अखंड होती. माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मागवला.

गोंद खरवडला, चिपवर गॅलियमचा द्रवधातू पसरला, झाकण परत बसवलं. त्याच वेगाला सर्वांत गरम कोर आता सत्तरीत राहतो.

त्याआधीचा मी म्हणायचा, कंपनीने बंद केलेली वस्तू उघडू नये. त्याचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. पाव आटा जास्त फिरला असता तर सगळंच गेलं असतं. आणि २०२२ चा साधा आय३-१२१०० तेवढ्याच चार कोरांवर, काहीही न ताणता, याच्या पुढे जातो, हेही मला पाठ आहे. तो घेतला तर काम लवकर होईल. पण त्याचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, कुलूपबंद असतो, वाढवता येत नाही. माझ्यासारख्याने त्यात करायचं काय, याचं उत्तर विचारणाऱ्यांपैकी कुणी दिलेलं नाही. तोवर थंडीत ४.६ लावून बघणार आहे. व्होल्टेज १.३ च्या वर न्यायचं नाही असं ठरवलंय, पण तेही अजून पक्कं नाही.