रिंजानी: शेवटचे अकराशे मीटर कुणी सांगत नाही

रिंजानीच्या पॅकेजच्या माहितीत लिहिलं होतं तळ्याकाठी मुक्काम, शिखरावरून सूर्योदय, मध्यम श्रेणीचा ट्रेक. मी, भाऊ, वहिनी आणि भाचा, आम्ही चौघंही नाशिकचे. मध्यम म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर कळसूबाई येते, फार तर साल्हेर. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दोनदा केलेली, अलंग-मदन-कुलंग झालेलं. त्या जोरावर सप्टेंबर २०२४ मध्ये निघालो आणि पहाटेच्या अंधारात, ३,२०० मीटरच्या आसपास, मी गुडघ्यांवर बसून रडले. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही सह्याद्रीत नियमित चढणारे असाल असं धरूनच लिहिते, त्यामुळे सॅक कशी भरायची वगैरे सांगत नाही.

रिंजानी हा इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा जागृत ज्वालामुखी, उंची ३,७२६ मीटर. मुंबईहून बाली, तिथून छोट्या विमानानं किंवा बोटीनं लोंबोक. तिथपर्यंत काहीच अडचण नाही. खरी अडचण पैशांपासून सुरू होते. आम्ही घरबसल्या बुकिंग केलं, माणशी ३५ लाख रुपियाह, म्हणजे त्या वेळचे साधारण १९ हजार रुपये. पायथ्याच्या सेंबालुन गावात भेटलेल्या एका जोडप्यानं तिथेच, आदल्या संध्याकाळी, तोच तीन दिवस-दोन रात्रींचा ट्रेक २४ लाखांत ठरवला होता. तंबू तसेच, जेवण तेच, पोर्टरही त्याच गावचे. वरून प्रवेशद्वारावर आमच्याकडे तिकिटाचे पैसे वेगळे मागितले. पॅकेजमध्ये धरलेत असं लेखी होतं, ते फोनवर उघडून दाखवलं तेव्हा कुठे विषय मिटला. सगळं लेखी घ्या, आणि नेटवर्क नसतानाही उघडेल असं फोनमध्ये साठवून ठेवा. घाई नसेल तर सरळ सेंबालुनला जाऊन ठरवा.

पहिला दिवस गवताळ उतारांवरून. सेंबालुन साधारण ११५० मीटरवर आहे आणि संध्याकाळी २,६३९ मीटरवरच्या धारेवर, प्लावांगानला, पोचायचं. तिसऱ्या टप्प्यानंतर एकामागून एक सात टेकाडं येतात. स्थानिक त्यांना पश्चात्तापाच्या टेकड्या म्हणतात. आपल्या लोकांना त्यात पश्चात्ताप करण्यासारखं काही नाही, सवयीची चढाई आहे. आमचा पोर्टर पन्नाशीचा असेल. बांबूच्या दोन टोकांना टोपल्या, त्यात तंबू, तांदूळ, पाणी, अंडी, आणि पायात रबरी सपाता. आम्ही त्यांना पाक म्हणत होतो, तिकडे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. त्यांच्या हातात बक्षीस थेट द्या. मालकाकडे दिलेलं त्यांच्यापर्यंत किती पोचतं याची मला खात्री वाटली नाही.

आता मुख्य गोष्ट. धारेवरच्या मुक्कामापासून शिखर जवळजवळ अकराशे मीटर वर. रात्री दोनला उठवतात. पहिला तास धुळीची खडी चढण. मग धार जरा सपाट होते आणि वाटतं की जमलं. त्यानंतर जो शेवटचा भाग लागतो त्याला तिकडे ‘लेटर ई’ म्हणतात. तो निव्वळ घसारा आहे. आपण ज्याला घसारा म्हणतो, मुरूम आणि पाच-दहा मिनिटांची कसरत, तसा नव्हे. इथे राख आणि खडी घोट्याच्या वर येते, पाऊल टाकलं की अर्धं खाली घसरतं, आणि हे दीड-दोन तास संपत नाही. काठी रोवावी तर तिला तळच लागत नाही. वारा अंगावर, तापमान चार-पाच अंश, आणि एका अंगाला तळ्याकडे तुटलेला कडा. अंधारात दृष्टीभय जाणवत नाही. परतताना उजेडात दिसतं, तेव्हा पोटात गोळा येतो.

विश्रांतीसाठी बसले तेव्हा बुटातून मूठभर खडी काढली. हेडटॉर्चच्या उजेडात एक खडा नीट पाहिला. काळसर तांबडा, अनारशासारखी जाळी पडलेला, हलका. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बाहेर पडायला धडपडतो, तो जिथे अडकला तिथे हे भोक राहतं. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला आणि कातळ झाला. गडांच्या कड्यांत दोन थरांच्या मध्ये जो लाल मातीचा पट्टा दिसतो, तो दोन उद्रेकांमधल्या उसंतीचा. कातळावर हात ठेवला की तो धरून ठेवणार, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. रिंजानीवर हात ठेवाल तो दगड हातात येतो. हा डोंगर अजून बसलेला नाही. सह्याद्रीचा अनुभव इथे दमासाठी कामाचा, पायांसाठी नाही.

आमचा गाइड भाच्याबरोबर पुढे निघून गेला होता. मी आणि भाऊ मागे, दोघांना मिळून एकच चालू टॉर्च. वीस मिनिटं आजूबाजूला कुणी नव्हतं. खाली आल्यावर मी गाइडला फार बोलले, तो ओशाळला. पण चूक त्याच्या एकट्याची नाही. चौघांमागे एकच गाइड देणाऱ्याची आहे. पुढे जून २०२५ मध्ये ब्राझीलची एक तरुणी याच शिखरवाटेवर दमून मागे राहिली आणि कड्यावरून खाली गेली. बचाव पथक तिच्यापर्यंत पोचायला चौथा दिवस उजाडला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. गटात एकापेक्षा जास्त लोक शिखराला जाणार असतील तर दुसरा गाइड मागा, त्याचे पैसे द्या, आणि मागचा माणूस सर्वांत हळू चालणाऱ्याबरोबरच राहील हे आदल्या रात्री सर्वांसमोर बोलून घ्या. हे होत नसेल तर शिखराला जाऊ नका.

सव्वासहाला पोचले. सूर्य वर आला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला दिसलं ते इतकं मोठं होतं की आधीचे चार तास विसरले. पश्चिमेला बालीचा अगुंग. १९६३ मध्ये त्यानं हजाराहून जास्त माणसं घेतली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्या राखेनं बालीचा विमानतळ बंद पाडला. पूर्वेला सुंबावा बेटावरचा तांबोरा, जो १८१५ साली फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. आणि मध्ये, पायाखाली, या दोघांइतकाच भयंकर इतिहास असलेलं निळं तळं, सगारा आनक. सगारा म्हणजे आपलाच सागर, आनक म्हणजे मूल. समुद्राचं लेकरू.

ते तळं म्हणजे डोंगराची रिकामी जागा आहे. रिंजानीला लागून समालास नावाचा दुसरा उंच डोंगर होता. १२५७ साली, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान कधीतरी, तो फुटला आणि आत कोसळला. जवळजवळ आठ किलोमीटर लांबीची कढई उरली. गेल्या दहा हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. त्याच्या गंधकाचा थर ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्हीकडच्या बर्फात सापडला होता, पण डोंगर कुठला हे कित्येक वर्षं कळत नव्हतं. २०१३ मध्ये संशोधक फ्रँक लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो समालास असल्याचं दाखवलं. ताडपत्रांवरच्या ‘बाबाद लोंबोक’ या बखरीत पामातान नावाचं नगर गाडलं गेल्याची कथा आहेच, आणि ते नगर अजून सापडलेलं नाही. १२५७ मध्ये आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरीला अजून ३३ वर्षं अवकाश होता. डोंगराच्या वयात हे कालचंच म्हणायचं. आमच्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं.

तळ्यात घुसलेला काळा सुळका दिसतो तो बारूजारी. आज जागा आहे तो हाच. १९९४, २००४, २००९, २०१५, २०१६, इतक्यांदा तो फुटलेला. २०१५ च्या उद्रेकात बालीची विमानं थांबली. २७ सप्टेंबर २०१६ ला तो फुटला तेव्हा शेकडो ट्रेकर डोंगरावर होते. पुढे काय होईल याचं साधं उत्तर असं की बारूजारीचे असे छोटे-मध्यम उद्रेक होतच राहतील. राख पडेल, लाव्हा तळ्यात उतरेल, आणि पाणी आणि लाव्हा भेटले की वाफेचे स्फोट होतील. समालाससारखं काही उद्या होण्याची शक्यता फार कमी. पण बेटावर तीस लाखांहून जास्त लोक राहतात आणि त्यातले कितीतरी त्याच उद्रेकाच्या राखेवर शेती करतात. पूर्व लोंबोकमध्ये त्याचा प्यूमिस दगड खणून विकतात. खाली एका दुकानात मी एक तुकडा पाण्याच्या मगात टाकून पाहिला. दगड तरंगला.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती उद्रेकाची नाही. ३ नोव्हेंबर १९९४ ला बारूजारीच्या राखेचा चिखल पाण्याबरोबर कोकोक जेंगाक नदीतून खाली आला आणि नदीवर पाणी भरायला गेलेली ऐकमेल गावची तीस माणसं त्यात गेली. डोंगर त्या दिवशी त्यांच्यावर फुटला नव्हता. म्हणून पावसाच्या दिवसांत इथल्या ओढ्यांच्या पात्रात थांबू नका, जेवायला बसू नका, तंबू तर मुळीच नको. तसंच भूकंपाचं. २९ जुलै २०१८ ला ६.४ चा धक्का बसला, दरडींनी वाटा तुटल्या, पाचशेहून जास्त लोक वर अडकले. आठवड्यात ६.९ चा दुसरा धक्का आला आणि बेटावर पाचशेहून जास्त माणसं गेली. तळ्याकडे उतरणारी वाट कड्याखालून जाते. तिथे फोटोसाठी रेंगाळू नका, गाइडनं थांबवलं तरी नको.

दुसरा दिवस तळ्याकाठी आणि गरम पाण्याच्या कुंडांत गेला. छान होता.

तिसऱ्या दिवशी सेनारू गावाच्या बाजूची धार चढून जंगलातून खाली सहाशे मीटरपर्यंत उतरलो. दोन हजार मीटरची उतरण एका दमात, तीही आदल्या दिवशीच्या घसाऱ्यानंतर. गुडघे कमजोर असतील तर सेंबालुनकडूनच परत या, काही बिघडत नाही. दोन दिवस-एक रात्रीचं शिखर पॅकेज विकतात, ते घेऊच नका. दम असणाऱ्याचीही त्यात माती होते.

बुटांच्या तोंडाशी बांधायचे गेटर मात्र न्याच. आमच्या सॅकमध्ये सगळं होतं, तेवढे गेटर नव्हते. गॉगल आणि तोंडाला फडकं न्या, कारण पुढच्याची धूळ मागच्याच्या घशात जाते. शाकाहारी असाल तर तेरासी नको असं आधी सांगा. ती आंबवलेल्या जवळ्याची असते आणि भाजीच्या वाटणात हमखास पडते. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र फार चांगला मिळतो. शिखराच्या रात्रीसाठी घरचे डिंकाचे लाडू न्या, तिकडची बिस्किटं त्या थंडीत घशाखाली उतरत नाहीत.

जानेवारी ते मार्च वाट साधारणपणे बंद असते. निघण्याआधी मॅग्मा इंडोनेशिया या संकेतस्थळावर इशाऱ्याची पातळी पाहा. पीव्हीएमबीजी ही तिथली सरकारी संस्था प्रत्येक ज्वालामुखीला चारपैकी एक पातळी देते: नॉर्मल, वासपादा, सिआगा, आवास. तिसरी लागली की पैसे बुडाले तरी घरी बसा. विमा घेताना ज्वालामुखीच्या राखेनं विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का हे स्पष्ट विचारा. आम्ही परतलो आणि दोनच महिन्यांनी फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेनं बालीची उड्डाणं रद्द झाली. फ्लोरेस बालीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे.

वहिनी शिखराला आलीच नाही. ती धारेवर तंबूच्या दारात बसून राहिली. पहाटे तळ्यावर ढग कसे उतरले, बारूजारीच्या टोकावर ऊन कसं आलं, हे तिनं आम्हाला जेवताना सांगितलं. आम्ही तिघं तेव्हा घसाऱ्यात होतो, आम्हाला त्यातलं काही दिसलं नव्हतं. पन्नाशीच्या पुढच्यांना माझं सांगणं हेच की धारेवर दोन रात्री राहा आणि शिखर सोडा. मी पुन्हा गेले तर वहिनीजवळ बसेन. भाचा मात्र, आत्या, पुढच्या वर्षी तांबोरा, असं म्हणतो आहे. त्याला मी आधी गेटर घ्यायला लावले आहेत.