धुणं कपाटात पोचेपर्यंत

आमच्या झोपायच्या खोलीत एक खुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसलंय असं कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचे आणि तिच्यावर टाकायचे, एवढंच तिचं काम. सकाळी शाळेच्या घाईत मुलगी त्या ढिगात हात घालून मोजे शोधायची. एक मिळायचा, दुसरा मिळायचा नाही, ढीग घसरून जमिनीवर यायचा आणि घरातल्या चिडचिडीला तिथून सुरुवात व्हायची.

तीन वर्षांपूर्वी बायकोच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि धुणं माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी चालत आलेली पद्धतच पुढे चालवली. आठवडाभर साठवायचं आणि रविवारी उपसायचं. मशीनच्या चार फेऱ्या, दोरीवर जागा नाही म्हणून दारांवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातलेले कपडे, आणि संध्याकाळी तो डोंगर समोर आला की घड्या घालायचं त्राण उरलेलं नसायचं. दोन-तीन महिने असे काढल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला धुण्याचा कंटाळा नव्हता. धुणं अर्धवट पडून राहतं, त्याचा कंटाळा होता. बादलीत भिजलेलं, मशीनमध्ये विसरलेलं, दोरीवर दोन दिवस लटकलेलं, खुर्चीवर लोळणारं. येता-जाता ते दिसतं आणि प्रत्येक वेळी मनावर तेवढंच ओझं टाकतं.

मग एकच नियम ठरवला. सकाळी मशीनमध्ये गेलेला कपडा त्याच रात्री कपाटात गेला पाहिजे. जेवढ्याच्या घड्या घालायला वेळ आहे तेवढंच धुवायचं. आता आठवड्यातले पाच दिवस रोज एक फेरी असते. मंगळवार टॉवेलचा, शनिवार चादरींचा, बाकीचे तीन दिवस अंगावरच्या कपड्यांचे. दोन टोपल्या आहेत, एक पांढऱ्या-फिक्या कपड्यांची, एक गडद कपड्यांची. ज्याने त्याने आपला कपडा योग्य टोपलीत टाकायचा, खिसे झाडून आणि गडद असेल तर उलटा करून. हे मुलांना शिकवायला महिना गेला. मुलाच्या खिशात राहिलेला एक कागदी रुमाल सगळ्या काळ्या कपड्यांवर कापसासारखा चिकटला, तो त्याने स्वतः बसून वेचला, आणि तेव्हापासून सांगावं लागलं नाही.

मशीनबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण बाकीचं ते स्वतः करतं. ड्रम कोंबून भरायचा नाही. कपडे स्वच्छ होतात ते पाण्यात एकमेकांवर घासून आणि वरून खाली आपटून. त्यांना हलायला जागाच नसेल तर कॉलरचा मळ जसाच्या तसा बाहेर येतो. भरल्यावर कपड्यांच्या वर तळहात आडवा बसला पाहिजे, हे माझं माप. दुसरी गोष्ट साबणाची. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं होतं. प्रत्यक्षात जादा फेस कपड्यांच्या मध्ये गादीसारखा बसतो आणि घासणं कमी होतं. खंगाळूनही न निघालेला साबण धाग्यात राहतो, कपडा कडक होतो आणि मळ लवकर धरतो. डिटर्जंटच्या झाकणावर मी मार्करने रेघ मारून ठेवली आहे. पाणी जड असेल तर मात्र थोडा जास्त लागतो, कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचं बरंच बळ खाऊन टाकतात.

डागांशी मात्र माझी खरी मैत्री झाली. मुलाचा घोळणा फुटतो, अधूनमधून उशीच्या अभ्र्यावर रक्त असतं. पहिल्यांदा मी ते कढत पाण्यात टाकलं आणि डाग कायमचा तपकिरी होऊन बसला. रक्तात प्रथिनं असतात आणि उष्णतेने ती घट्ट होऊन धाग्याला धरून राहतात. आता लगेच गार पाण्यात चोळतो, मग एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये अर्धा तास भिजत घालतो. या एन्झाइमांची गोष्ट वाचून मी चकित झालो. ओट्टो र्‍योम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1913 साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातले पाचक एन्झाइम धुण्यासाठी वापरायची कल्पना मांडली होती. म्हणजे पोटात जे काम चालतं तेच बादलीत. प्रोटिएज प्रथिनांचे तुकडे करतं, लायपेज तेलकटपणाचे, अमायलेज पिठूळ डागांचे. पण या कामाला वेळ लागतो. म्हणून घासण्यापेक्षा भिजवण्यावर माझा भरवसा आहे. तेलाचा डाग असेल तर कोरड्या कपड्यावरच भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब चोळायचा, पाणी नंतर.

एक नुकसान अजून मनाला लागून आहे. बायकोचा लोकरी स्वेटर मी इतर कपड्यांबरोबर गरम पाण्याच्या फेरीत टाकला आणि तो मुलीच्या मापाचा होऊन निघाला. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ऊब, पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, आणि पुन्हा सुटत नाहीत. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर नवा कपडा घरात आला की आधी आतली चिठ्ठी वाचतो. पाण्याच्या टोपावर हात काढलेला असेल तर हाताने धुवायचा. चौकोनात गोल असेल तर ते ड्रायरबद्दल. इस्त्रीच्या चित्रात जितके ठिपके जास्त, तितकी गरम इस्त्री चालते.

आणि वाळत घालणं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. फोन घरात ठेवून जातो. दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं माझी असतात. आईला फोनवर सांगितलं की हल्ली मी धुणं करतो, तर ती म्हणाली, “झटकून घाल रे, अर्धी इस्त्री तिथेच होते.” अगदी खरं आहे. ओला शर्ट दोन्ही खांद्यांना धरून जोरात झटकला, कॉलर आणि बटणपट्टी बोटांनी ओढून सरळ केली, की रोजच्या वापराला इस्त्री लागतच नाही. शर्ट खालच्या कडेला चिमटा लावून उलटा टांगतो, म्हणजे खांद्यावर चिमट्याची खूण उठत नाही. पँट कमरेला टांगतो, कारण तिथलं कापड जाड असतं आणि तिथे वारा पोचायला हवा. दोन कपड्यांत चार बोटांची फट. वाळणं उन्हापेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून आहे, हे दमट दिवसांत कळतं. घरात वाळत घालावं लागलं तर पंखा त्यांच्यावर सोडतो आणि टॉवेल मशीनमध्ये आणखी एकदा पिळून घेतो.

तो कुबट वास हळू वाळण्याचाच असतो. जपानी संशोधकांनी 2012 साली त्यामागचा एक मुख्य जिवाणू ओळखला, मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस. कपडा जितका वेळ ओला, तितका त्याचा फायदा. म्हणून मशीन थांबल्याचा आवाज आला की मी हातातलं काम सोडून उठतो. मुलं याला “बाबांची घंटा” म्हणतात. टॉवेलना सॉफ्टनर घालणं मी बंद केलं, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी कमी शोषतो. मऊपणा झटकण्याने येतो, वाळण्याआधी आणि नंतरही.

घड्या रात्री, जेवणानंतर, घरात असू ते सगळे मिळून. मुलगी मोजे जुळवते, मुलगा टॉवेल, मी शर्ट. बायको घरी असेल त्या रात्री चादरीची दोन टोकं ती धरते, दोन मी. एकमेकांकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची, खालची कड उचलायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभराचं बोलणं तेव्हा होतं. गेल्या शनिवारी चादर केव्हाच घडी होऊन तिच्या हातात होती, आणि आम्ही तसेच उभे राहून बोलत होतो.

खुर्चीवर आता मुलगी बसते. बूट घालायला.