गॅस संपत नसतो

बुधवार, रात्री साडेअकरा

आईच्या इन्सुलिनचा डबा शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवून आत्ताच आले. न उघडलेली तीन पेनं आहेत. ती २ ते ८ अंशांत राहायला हवीत, आणि आमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या पेल्यात उभा केलेला थर्मामीटर संध्याकाळी १३ दाखवत होता. चालू पेन बाहेर राहिलं तरी त्याच्या कागदावर २८ दिवस लिहिलेत, म्हणून त्याची तेवढी काळजी नाही.

जूनच्या शेवटी खालच्या कप्प्यातलं दूध नासलं होतं. तेव्हा आलेल्या माणसाने मागे हात लावून पाहिलं, "गॅस संपलाय" म्हणाला आणि २,४०० रुपये घेऊन भरून गेला. तीन आठवडे बरं चाललं. आज दुसरे मेकॅनिकदादा आले. त्यांचं पहिलंच वाक्य, "ताई, फ्रीजचा गॅस संपत नसतो. तो काय स्कूटरमधलं पेट्रोल आहे? गेला म्हणजे कुठूनतरी गेला."

१४ वर्षं हा फ्रीज वापरतेय. नळ्यांच्या बंद फेऱ्यात तोच गॅस फिरत राहतो, हे मला आज कळलं. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते वेगळं. या फ्रीजमधला १३४ए गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे आहे. एका फ्रीजमध्ये तो शंभरेक ग्रॅम असतो. आमच्या स्वयंपाकघरातून तो दोनदा उडून गेला. भरण्याआधी गळती कुठे आहे, एवढं जरी मी विचारलं असतं तरी दुसऱ्यांदा गेला नसता.

दादांनी गळती शोधायला नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला, मागच्या एकेका सांध्याला साबणाचा फेस लावला. बुडबुडा कुठेच येईना, आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा मात्र सावकाश उतरत होता. मग एकेक नळी वेगळी करून तपासली. दोन तास गेले. गळती निघाली दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या नळीत. ही गरम नळी तिथे मुद्दाम घातलेली असते. ती नसेल तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत दाराच्या कडांना घाम सुटतो. पण ती पत्र्याच्या आत, पफमध्ये, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या कडक फोममध्ये, पुरलेली. तिथवर पोचायचं तर पफ फोडावा लागेल, आणि पफ फोडला की फ्रीजच राहिला नाही.

एकच मार्ग उरतो. ती नळी तशीच सोडून द्यायची आणि जोडणी बाहेरून फिरवायची. शिवाय नवा फिल्टर, व्हॅक्युम, वजन करून गॅस. ५,५०० रुपये, सहा महिन्यांची हमी.

आईने लगेच हो म्हटलं. "कॉम्प्रेसर चांगला आहे ना? मग धडधाकट वस्तू भंगारात कशाला द्यायची?" मला उत्तर सुचलं नाही. दादांना म्हटलं, दोन दिवसांत कळवते.

शुक्रवार

ऑफिसातून परतताना स्टेशनवरून थेट गोखले रोडला गेले. एवढ्याच मापाचा नवा डबल डोअर २९,००० ला. विक्रेता म्हणाला, वीजबिलात किंमत वसूल होईल. घरी येऊन हिशोब मांडला. जुन्याच्या लेबलवर वर्षाला ४३० युनिट, नव्याच्या २४०. (तारे मोजण्यात अर्थ नाही, निकष मध्येमध्ये कडक होत गेलेत. युनिटच पाहावेत.) फरक १९० युनिटचा. आमच्या महावितरणच्या बिलात युनिट सगळे आकार धरून साधारण १२ रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला २,२८०. पैसे वसूल व्हायला बारा वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा विजेसाठी नवा घ्यायचा, हे कारण मी खोडून टाकलं.

दुकानात आणखी एक विचारलं होतं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी. म्हटलं, आणि आतली नळी गळली तर? त्याने पुस्तिका काढून वाचली. बाकी सगळ्यावर एक वर्ष. आमचा कॉम्प्रेसर १४ वर्षांनीही ठणठणीत आहे, फ्रीज बसला तो नळीमुळे. नव्यातही नळ्या पफमध्येच पुरलेल्या. शिवाय त्यात ६००ए गॅस, पेट घेणारा, त्यामुळे झाळकाम करायलाही तसाच जाणता माणूस लागतो. नवा घेतला की प्रश्न मिटला, असं समजत होते. तसं नाही, हे डोळ्यांनी वाचून आले.

रात्री जवळजवळ ठरवलं होतं, दुरुस्तीच करू.

शनिवार

सकाळी दादांना फोन केला. दाराला घाम येईल का, विचारलं. "येणार. पावसाळाभर कडा पुसाव्या लागतील, रबराला बुरशी धरेल, पुढेमागे पत्राही गंजेल." मग बोलता बोलता इन्सुलिनचं सांगितलं. दादा थोडा वेळ गप्प झाले. "भाजी-दूध असतं तर करा म्हटलं असतं. नळी एका जागी सडलीय, दुसऱ्या जागी सडणार नाही असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. आजींचं औषध आहे तर नका करू." स्वतःचं ५,५०० रुपयांचं काम त्या माणसाने सोडलं.

आईशी दुपारी बसून बोलले. तिला हिशोब दाखवला, पुस्तिकेतलं सांगितलं, दादांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कॉम्प्रेसर तरी त्याच्याकडे जाऊ दे." दुकान एक्स्चेंजचे १,५०० देत होतं, दादा १,००० देतात, पण चांगला कॉम्प्रेसर दुसऱ्या कुणाच्या फ्रीजला लावतील. जुना दादांकडे जाईल.

वॉरंटीच्या पुस्तिकेवर विसंबून न राहता दादांचा नंबर नव्या फ्रीजच्या बिलाला टाचून ठेवणार आहे. उद्या अकराला फ्रीज येईल. तो आधी काही तास उभा ठेवायचा, मग चालू करायचा. थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात ठेवीन आणि रात्रभर २ ते ८ च्या मध्ये राहिला तरच सोमवारी काकूंकडून डबा आणीन.