शेवटची प्रार्थना कोणी करायची

राग आलाय का वाईट वाटलंय हेच मला नीट सांगता येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. हे म्हणतात सोडून दे, डीकन लोकांनी (आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्यांनी) काही वाईट हेतूने नाही केलं. ते मलाही माहितीये. वाईट हेतू असता तर उलट सोपं गेलं असतं, भांडून मोकळी झाले असते.

झालं एवढंच की नाताळच्या मराठी भजनांसाठी आमच्या चर्चचा हॉल मिळाला, किचन मिळालं, पेटी-तबला चालेल म्हणाले (मला धास्ती त्याचीच जास्त होती). फक्त वहिनींच्या पास्टरांनी शेवटची प्रार्थना करायची नाही. त्यांनी यावं, जेवावं, पुढच्या रांगेत बसावं, पण स्टेजवर उभं राहून सगळ्यांच्या वतीने प्रार्थना नाही. कारण ते सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे बॅप्टिस्टांच्याच दुसऱ्या एका गटातले, आणि आमची मंडळी त्या गटापासून वेगळं राहणारी. आणि हे वहिनींना फोन करून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनी म्हणाल्या, "असू दे गं, मी सांगते त्यांना, ते समजून घेतील." आवाजात जरासुद्धा कडवटपणा नाही. चिडल्या असत्या तर मी आमच्या बाजूने बोलले असते, माझ्याकडे मुद्दे होते, मी फोनआधी सगळे जुळवून ठेवले होते. ते तसेच राहिले आणि तेव्हापासून माझे मीच मला ऐकवतेय.

बाहेरच्या माणसाला वाटेल एका प्रार्थनेचं काय एवढं. आमच्यात ते एवढंसं नाहीये. स्टेजवर कोण उभं राहतं यावरून मंडळीला कळतं की आपण कोणाला आपलं म्हणतो, कोणाचं शिकवणं ऐकायला हरकत नाही. 1957 साली प्रसिद्ध अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गेले तेव्हा भांडण नेमकं ह्याचंच होतं. त्यांच्या उपदेशात कुणी चूक काढली नव्हती. पण बोलावणं होतं शहरातल्या प्रॉटेस्टंट कौन्सिलचं, त्यात ख्रिस्ताचं पुनरुत्थान, कुमारीपासूनचा जन्म हे न मानणारे पाळकही होते, आणि मे ते सप्टेंबर चाललेल्या त्या सभांमध्ये जे लोक येशूला स्वीकारायला पुढे येत त्यांची नावं अशाही चर्चेसकडे जायची. म्हणजे आज तारणाचा संदेश ऐकला आणि उद्यापासून तो नाकारणाऱ्याच्या हाताखाली. बॉब जोन्स सीनिअर, ज्यांच्या कॉलेजात ग्रॅहॅम 1936 मध्ये थोडे दिवस शिकले होते, तेही तुटले. सुवार्तिक जॉन आर. राइस तर आधी किती वर्षं ग्रॅहॅमची बाजू घेत होते, शेवटी त्यांनीही सोडलं. मला आजही वाटतं की ते बरोबर होते. हे मी मनापासून लिहितेय, कुणाला खूश करायला नाही.

आणि त्याही आधीचे मेचेन, प्रिन्स्टन सेमिनरीतले प्राध्यापक. प्रिन्स्टन सोडून 1929 ला वेस्टमिन्स्टर सेमिनरी काढली, 1936 ला त्यांच्याच प्रेसबिटेरियन चर्चने त्यांना पाळकपदावरून दूर केलं, आणि 1 जानेवारी 1937 ला नॉर्थ डकोटाच्या थंडीत न्यूमोनियाने गेले. तिथे कशाला गेले होते, तर त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या मूठभर मंडळ्यांना धीर द्यायला. पगार, पेन्शन, चर्चची इमारत सगळं मागे टाकून लोक बाहेर पडले. आमची मंडळीसुद्धा 1930च्या दशकात नॉर्दर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमधून निघालेल्यांपैकी. इथल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात की त्यांच्या आईवडिलांनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उपासना सुरू केली. ह्याच बायकांनी आमच्या पहिल्या मिशिगनच्या हिवाळ्यात मुलांना कोट आणून दिले होते, डब्यांनी फ्रीज भरला होता. त्यांच्या सेपरेशनला, त्या वेगळं होण्याला, मी कशी हसू? मला हसायचंच नाहीये.

पण.

पण ते वेगळे झाले होते अविश्वासापासून. वहिनींचे पास्टर कुठला अविश्वास शिकवतात? मी त्यांचे उपदेश ऐकलेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात जे विजोड होऊ नका म्हटलंय ते विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आहे, आणि हा माणूस पवित्र शास्त्र अचूक मानतो, वधस्तंभ, रक्त, पुनरुत्थान, परत येणं, सगळं आमच्याच शब्दांत सांगतो. आणि सदर्न बॅप्टिस्टांची गोष्ट तर मला राहून राहून आठवते. आमचे लोक बाहेर पडले, ह्यांचे आत राहून उदारमतवादी शिकवणीशी लढले. 1979 ला ह्यूस्टनमध्ये एड्रियन रॉजर्स त्यांच्या कन्व्हेन्शनचे अध्यक्ष निवडून आले तिथून सुरुवात, मग वर्षानुवर्षं निवडणुका, मंडळं बदलणं, आणि 1993 ला लुईव्हिलच्या त्यांच्या सेमिनरीत आल्बर्ट मोहलर अध्यक्ष म्हणून आले तेव्हा ते अजून चाळिशीलाही पोचले नव्हते. जे उदारमतवादी शिकवत होते त्यांना जावं लागलं. आम्ही म्हणायचो आत राहून शुद्ध करता येत नाही, ह्यांनी करून दाखवलं. हे आपल्या लोकांनी मोठ्याने कबूल करायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी पास्टरांना विचारला.

पास्टरांनी टाळलं नाही, बसवून नीट उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, त्या पास्टरांच्या सुवार्तेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 1925 पासून त्यांचा को-ऑपरेटिव्ह प्रोग्रॅम आहे, चर्चेस पैसे एकाच पोत्यात टाकतात आणि ते कुठे कुठे जातात त्यावर एकट्या मंडळीचा हात राहत नाही. आणि 2009 ला गर्भपात, विवाह, धर्मस्वातंत्र्य यांवरच्या मॅनहॅटन डिक्लरेशन नावाच्या जाहीरनाम्यावर मोहलरांनी कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोकांबरोबर सही केलीच ना, त्यात सगळ्यांना सुवार्तेचे भागीदार असल्यासारखं धरलंय. मी म्हटलं, पण मॅकार्थर, स्प्राउल यांच्यासारख्या नावाजलेल्या उपदेशकांनी नाही केली, म्हणजे आमच्या बाहेरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांतही रेघ ओढणारे आहेतच की. ते म्हणाले, "हो, आहेत, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे." मग एका डीकननी विस्कॉन्सिनच्या नॉर्थलँडचं, आमच्यासारख्यांच्याच एका कॉलेजचं, नाव काढलं, की त्यांनी बाहेरच्यांना दारं उघडली आणि 2015 ला कॉलेजच बंद पडलं. ते एकाच कारणाने झालं असं मला नाही वाटत, पण वाद नाही घातला.

खरं सांगायचं तर आमच्याच लोकांत हे सगळं मांडून झालंय. मिनेसोटातल्या सेमिनरीतले केविन बाउडर किती दिवस हेच लिहीत होते की हे कॉन्झर्व्हेटिव्ह इव्हँजेलिकल म्हणजे ग्रॅहॅमच्या वेळचे, उदारमतवाद्यांबरोबर काम करणारे नव-इव्हँजेलिकल नव्हेत, त्यांना त्या तराजूत तोलू नका. त्यांचं म्हणणं मला पटतं, की सुवार्ता ही हद्द, तिच्या बाहेर सहभागिता नाहीच, आणि आत मात्र जितकं सामाईक तितकं जवळ, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. वाचताना किती बरं वाटलं होतं. आणि आता आमच्या डीकननी केलं ते त्या हिशोबाने बरोबरच आहे ना? जेवण हो, बसणं हो, गाणं हो, प्रार्थना नाही. पायरी पायरीने. कागदावर हे मला पटतं आणि फोनवर वहिनींना सांगताना तोंडातून निघत नाही. सिद्धांताला पायऱ्या असतात, पण त्या माणसाला उभं करायचं कुठल्या पायरीवर हे कोणीतरी जाऊन त्याला सांगावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते सांगणारी मीच का? मराठी म्हणून? दोन्हीकडे ओळख म्हणून? स्टेजवर कोण हे ठरवताना बायकांना कोणी विचारत नाही, निरोप पोचवायला मात्र... जाऊ दे, तो विषय आत्ता नको.

आईला हे सांगितलं तर तिला कळणारच नाही. आमचं घर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रेदरन सगळे एकत्र आले, आणि आई ते अजून एखाद्या लग्नासारखं सांगते. योहान 17, येशूची 'सर्व एक व्हावेत' ही प्रार्थना, ऐकलं की तिला नागपूर आठवतं. आमच्या इथे त्याच सीएनआयचं नाव काढलं की वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचा सभासद एवढंच पुढे येतं. मी इथे पुन्हा पाण्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा आई फोनवर... तेही जाऊ दे.

आणि आम्ही गाणार आहोत कोणाची भजनं? टिळकांची. नारायण वामन टिळक, ज्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे एकत्र. आमच्या डीकनच्या नियमाने टिळकांना शेवटची प्रार्थना देताच आली नसती, पहिलीही नाही. त्यांचे अभंग मात्र त्या हॉलमध्ये घुमणार आणि माझ्या डोळ्यांत पाणी येणार हे मला आत्ताच माहितीये. टिळकांच्या त्या दरबाराशी मी सहमत नाहीये. तरी त्यांच्या शब्दांशिवाय मला येशूशी मराठीत बोलता येत नाही.

सगळ्यात जास्त बोचतं ते 1971 चं. ग्रॅहॅमपासून एकत्र तुटलेले राइस आणि बॉब जोन्स ज्युनिअर, हेच दोघे एकमेकांपासून तुटले. कशावरून, तर जो चुकीच्या माणसाबरोबर उभा राहतो त्याच्यापासूनही वेगळं व्हायचं का यावरून. आपल्याकडे एकदा चूल वेगळी झाली की पुढच्या पिढीत तिच्याही दोन होतात, तसं. राइस तेव्हा म्हातारे होते. ते वाचताना मी मोहलर, बाउडर, कोणाचाच विचार करत नव्हते, मला वाटत होतं की उद्या आमच्या डीकनना कळलं मी बुधवारी वहिनींकडे प्रार्थनेला बसते तर मलाही कुठल्या तरी पायरीवर ठेवतील का. नाही ठेवणार. चांगले लोक आहेत. तरी विचार आला, आणि असा विचार आपल्याच मंडळीबद्दल यावा याचं मला फार वाईट वाटतंय. म्हणजे रागापेक्षा हेच होतं तर.

रात्री पास्टरांचा फोन येऊन गेला. आपला निर्णय बदलला नाही त्यांनी, मी अपेक्षाही केली नव्हती. पण म्हणाले की मी स्वतः वहिनींच्या पास्टरांना भेटून आलो, दारातच समजावून सांगितलं, तुझ्यावर नको होतं टाकायला. तासभर बसले म्हणे, दोघांनी मिळून प्रार्थनाही केली. स्टेजवर नाही, त्यांच्या ऑफिसात. आता ह्याला काय म्हणायचं मला माहीत नाही, पण ऐकून मी गप्पच झाले. एवढ्या लांबून, बर्फात गाडी चालवून गेले. ही रेघ त्यांनाही सोपी नाहीये हे मला तोवर दिसलंच नव्हतं. रेघ राहणार. माझ्या हयातीत तरी ती पुसली जाईल असं वाटत नाही, आणि पूर्ण पुसावी असंही मला वाटत नाही. मी ह्याच मंडळीत राहणार आहे आणि बुधवारी वहिनींकडेही जाणार आहे, आणि कोणी विचारलं तर लपवणार नाहीये.

शेवटची प्रार्थना हे करतील, मराठीत, असं ठरलंय. शनिवारी वहिनींकडे सराव. पेटी आहे, तबल्याला अजून कोणी मिळालेलं नाही, कँटनच्या त्या मुलाला उद्या विचारते.