व्हेंडर कोड मिळेपर्यंत: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मी मशिन शॉप सुरू केलं तेव्हा एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) होतं, बँकेचं कर्ज होतं आणि ऑर्डर एकही नव्हती. कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत नाव लागलं की व्हेंडर कोड मिळतो. त्यासाठी पुण्याकडच्या कंपन्यांच्या परचेसला, म्हणजे खरेदी विभागाला, मेल पाठवले, उत्तर कुणाचंच आलं नाही. ज्याचं काम पाहिलेलं नाही त्याच्या हाती कास्टिंग (ओतीव भाग) कोण देईल?

मार्ग निघाला तो एका फौंड्रीवाल्या (ओतकाम कारखानदार) काकांमुळे. मी नोकरीत असताना रिजेक्शनच्या बैठकांत आमची गाठ पडायची. त्यांनी त्यांच्या एका ग्राहकाला फोन लावला, "पोरीचं काम चोख हाय, एक सॅम्पल देऊन बघा." कोल्हापुरात असा शब्द टाकणं सोपं नसतं. माझा माल बिघडला असता तर त्यांच्या कास्टिंगकडेही लोकांनी संशयानं बघितलं असतं.

सॅम्पल होतं बेअरिंग हाउसिंगचं. त्यात बसणार 6206 बेअरिंग, म्हणजे हाउसिंगला 62 मिमीचा बोअर (भोक), मापाची सूट एच7. वर 30 मायक्रॉनची सूट, खाली शून्य. मशिन तेवढं धरत होतं, पण सीएमएम (अचूक मापं घेणारं मशिन) रिपोर्टशिवाय कंपनी सॅम्पल घेत नव्हती आणि सीएमएम घ्यायची माझी ऐपत नव्हती. शेजारच्या टूलरूमवाल्यांनी त्यांच्या सीएमएमवर वेळ दिली, वर त्यांचा बोअर गेजही वापरायला दिला. "बिलाचं नंतर बघू," म्हणाले. पहिल्या नगाचा बोअर मापात आला, पण फिनिश कट मारताना आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, उघडं पडलं. काकांना फोटो पाठवला. एका शब्दानंही वाद न घालता त्यांनी संध्याकाळच्या टेम्पोनं दुसरं कास्टिंग धाडलं. ते पास झालं.

व्हेंडर कोडसाठीच्या कागदपत्रांचं काही अवघड नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, मशिनची यादी जोडायची. कंपनीच्या ऑडिटला गेजचं कॅलिब्रेशन (मापाची साधनं अचूक आहेत ना याची तपासणी) नीट बघतात, तेवढं आधी करून ठेवा.

खरा घोर लागला तो पैशांचा. दुसऱ्या एका ग्राहकानं बिल अडकवलं, इकडे हप्ता तोंडावर. उद्योजकांच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी 2006 च्या एमएसएमई कायद्याचं सांगितलं: लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर व्याज लागतं. पत्राचा मसुदाही त्यांनीच करून दिला. पत्र गेलं, पैसे आले.

आज माझ्या एका ऑर्डरवर पॅटर्नवाला (ओतकामाचा नमुना बनवणारा), फौंड्री, पेंटिंगवाला, टेम्पोवाला अशी सगळ्यांची कामं चालतात. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून हे शहर असंच एकमेकांच्या भरवशावर उभं राहिलंय, आणि म्हणूनच कामाचा पैसा बराचसा इथल्या इथंच फिरतो.

पण मला एक गोष्ट सलते. माझ्यासाठी फोन करणारं कुणीतरी होतं. आयटीआय करून गावाकडून आलेल्या, हात चांगला असलेल्या पोरांसाठी तसं कुणी नसतं, आणि ती आयुष्यभर दुसऱ्याच्या लेथवर राहतात. संघटनांनी वर्षातून दोनदा तरी नव्या शॉपवाल्यांची सॅम्पलं मागवावीत, सीएमएमवर फुकट तपासावीत आणि जी पास होतील त्यांची नावं परचेसवाल्यांकडे संघटनेच्या लेटरहेडवर पाठवावीत. पुढच्या बैठकीत मी हे लेखी मांडणार आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलमधल्या ज्यांना पटतंय त्यांनी सही करायला यावं.