तुम्ही विचारलंत म्हणून: पायात जोर नसताना 310 किलो?

आमच्या जिममध्ये इराणचा पॅरा पॉवरलिफ्टर (दिव्यांगांच्या वजन उचलण्याच्या खेळातला) सियामंद रहमान याचा फोटो लावलाय, तो बघून नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, सर, पायात जोर नाही तर हा माणूस 310 किलो उचलायचा कसा? आणि लगेच पुढचं, पण झोपून उचलायचं म्हणजे सोपंच असेल ना? म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

सोपं अजिबात नाही. आपण बेंच प्रेस मारतो (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलतो) तेव्हा पाय जमिनीला घट्ट रोवतो, टाचेतून जोर लावतो, तो कमरेतून पाठीपर्यंत येतो आणि भारी वजनाला खरा आधार तिथनंच मिळतो. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये पायसुद्धा बेंचवरच, सरळ पसरलेले, वरून पट्टा. म्हणजे जे काय आहे ते छाती, खांदे, हात आणि पाठ. बार छातीवर आणायचा, तिथं पंचांना दिसेल असा पूर्ण थांबवायचा, मग दोन्ही हात एकसारखे वर आणि कोपरं लॉक. एक हात जरा मागं राहिला की लाल दिवा, लिफ्ट गेली. पटत नसेल तर स्पॉटर (बार सांभाळायला शेजारी माणूस) उभा करा आणि पाय बेंचवर घेऊन तुमचं रोजचं वजन मारून बघा.

सियामंद इराणमधल्या ओश्नाविये गावचा, कुर्दी, जन्म 1988 चा. 2012 ला लंडन पॅरालिम्पिकमध्ये 280 किलोवर सुवर्ण. पण बघायचं असेल तर रिओ 2016 बघा, शरीराचं वजन 107 किलोच्या वर असलेल्यांचा गट. 270 नं सुरुवात, मग 300, मग 305, शेवटी 310. या खेळात त्याच्याआधी कुणी तीनशेला पोचलं नव्हतं, आणि त्या दिवशी रौप्यवाला 235 वर होता. म्हणजे बाकीच्यांची मॅच संपली तिथून पुढं याची सुरू झाली, तो आता स्वतःशीच खेळत होता.

म्हणून कुणी "बिचारा, तरीपण किती केलं" म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. अहो, पाय जमिनीवर रोवून, बेंच शर्ट (वजन ढकलायला मदत करणारा घट्ट शर्ट) न घालता मारलेला तेव्हाचा जागतिक विक्रम रशियाच्या किरिल सारिचेवचा, 335 किलो, 2015 चा. मधे फरक फक्त 25 किलोचा! यात तरीपण कुठं आलं, हा जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांपैकी एक होता, बास.

1 मार्च 2020 ला हार्ट अटॅकनं गेला, वय 31. टोकियोत तिसरं सुवर्ण घेणार याबद्दल मला तरी काडीची शंका नव्हती. ते टोकियो 2021 ला झालं आणि त्याच्या गटाचं सुवर्ण 241 किलोवर गेलं. रिओत त्यानं पहिल्याच लिफ्टला 270 लावले होते.